आवडा-१

पारदर्शक चौकोनी पेटीच्या कडेला एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर माझं नाव होतं. मी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. आवडा-१. त्याखाली बारीक अक्षरांत: दिवा खार, घरचं बियाणं. माझं नाव मी शाळेच्या मस्टरवर पाहिलंय, पेन्शनच्या कागदांवर पाहिलंय, मतदारयादीत चुकीच्या वयासह पाहिलंय. त्या पेटीवर मात्र ते एखाद्या गावाच्या नावासारखं दिसत होतं, जिथे कुणी तरी जाऊन आलं आहे. खोली थंड होती, वरून पांढरा निळसर उजेड पडत होता, आणि माझी नात कल्पिता माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"मी बोललेली ना, ठाण्याला आलीस की एक गंमत दाखवते म्हणून. सॅम्पलला नाव द्यावं लागतं. मॅडम बोलल्या, काहीही दे. मी तुझं दिलं."

"एक का?" मी विचारलं. "आवडा-दोन कोण आहे?"

ती हसली. "दोन नाहीये अगं. पुढे कधी आली तर असावी जागा, म्हणून एक."

मी पण हसले असेन. हात मागे बांधून उभी होते, कारण कशालाच हात लावायचा नाही असं तिने दारातच बजावलं होतं. ते भात आमच्या घरचं, दिव्याच्या खाडीकाठच्या खारवट जमिनीतलं, नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला आमच्या ठाकुर्लीच्या दाराला बांधलेल्या नव्यातल्या लोंब्या कल्पिताने माझ्यादेखत सोडवून नेल्या होत्या. नवं म्हणजे त्या वर्षीच्या भाताच्या ताज्या लोंब्या, आंब्याची पानं, कुरडूचं फूल, सगळं सुतळीत बांधून चौकटीला लावतात. "आजी, हेच ना आपलं खारातलं भात, राता? हेच मला पाहिजे," असं ती म्हणाली होती आणि मी म्हटलं होतं, "ने." एवढंच. एक अक्षर. त्या लोंब्या कुठल्या हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि ज्या बाईकडून मी त्या घेत आले तिला. पण त्या बाईला त्यात लपवण्यासारखं काही होतं याचा पत्ता नव्हता.

पेटीत घट्ट पेजेसारखं काही तरी गोठवलं होतं आणि त्यात भाताचे सात कोंब ओळीने उभे होते. मुळं काचेला लागून खाली उतरली होती, सगळी दिसत होती. मला ते जरा उघडंनागडं वाटलं. मुळं अशी बघायची नसतात. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला सोटमूळ आणि तंतुमूळ शिकवलं, फळ्यावर हजारदा काढलं, पण ती खडूची मुळं. मी एक उभी रेघ काढायची आणि तिच्या बाहेरच्या कडेला बारीक फाटे चिकटवायची, झाडाला काटे काढावेत तसे. कल्पिताने मला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं, स्टूल दिलं, आणि म्हणाली, "तू आम्हाला चुकीचं शिकवलंस बघ. फाटा बाहेरून नाही येत. हा बघ, आत." मी डोळा लावला. मुळाच्या आत, बाहेरच्या भिंतीपासून चांगला लांब, एक फुगवटा होता, तांदळाच्या कणीएवढा दिसणारा. "इथून सुरू होतो. आतल्या एका थरातल्या पेशींना सगळं माहीत असतं, फाटा कसा काढायचा ते. जनुकं असतात ना, ती तयारच असतात. पण त्यांच्यावर एक प्रथिन बसलेलं असतं. दाबून. आत्ता नको, आत्ता नको, असं."

"मग?"

"मग वरून संजीवक येतं. ऑक्सिन. ते आलं की त्या प्रथिनाला एक खूण लागते, आणि पेशी त्याला मोडून टाकते. मोडलं की जनुकं सुटतात आणि फाटा सुरू."

"मोडतं कोण?"

"पेशीच. तिनेच बनवलेलं, तीच मोडते." ती उत्साहात होती, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना असायची तशी. "आणि एक गंमत सांगू? एक झाड आहे, त्याच्यात ते प्रथिन मोडतच नाही. अगदी एका अक्षराचा फरक आहे त्याच्या जनुकात. बस, त्याचं मूळ सरळ खाली जातं. एकही फाटा नाही. एक दोरा नुसता."

"जगतं का ते?"

"जगतं की. प्लेटवर जगतं. शेतात टाकलंस तर नाही टिकायचं." मग तिने पेटी बदलली. "आता हे मिठातलं. हे आवडा-१च आहे."

मिठातली मुळं सरळ होती, टक्कल पडल्यासारखी, आणि टोकाला तपकिरी. ती म्हणाली की फाटा आत तयार झाला तरी त्याला बाहेर पडायला वाट लागते. बाहेरच्या पेशींनी अंग आकसून घ्यावं लागतं, त्या आकसल्या नाहीत तर तो आतल्या आत राहतो. मिठात तसंच होतं. मग तिने आवाज थोडा उतरवला, वाईट बातमी सांगताना डॉक्टर उतरवतात तसा. "म्हणजे काय झालं माहितीये का आजी, आपला राता काही स्पेशल निघाला नाही. सगळे म्हणतात खारातल्या जुन्या जातींच्या मुळांत काही तरी आहे. मला वाटलेलं आपल्यात भारी काही तरी सापडेल. पण आपला साध्या भातासारखाच वागतो. मीठ दिलं की थांबतो, आणि मग मरतो. परत गोडं पाणी दिलं तरी फुटत नाही. शुक्रवारी सेमिनारला हेच मांडणार, मग पेपर जाईल."

"पण आमच्याकडे तर उधाणाचं पाणी शिरायचं शेतात. भात उभं राहायचं."

"बांध चांगले असतील गं. नंतर पाऊस पडला असेल. तुम्ही लोकांनी श्रेय दिलं भाताला." ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वाईट नको वाटून घेऊ. हा पण रिझल्टच आहे."

वाईट वाटून नको घेऊ. मी स्टुलावरून उठले तेव्हा गुडघा वाजला आणि मला वाटलं तिला ऐकू गेलं. माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी भादव्याच्या उधाणात दिव्याकडच्या खाडीचा बांध फुटला होता. बांधातली लाकडी उघाडी, जिच्यातून पावसाचं पाणी सोडायचं आणि खाडीचं अडवायचं, तीच उखडून वाहून गेली. सकाळी आम्ही गेलो तर खाचरांवर खारं पाणी, त्यात भाताचे शेंडे, आणि शेंड्यांवर बसलेले खंड्या पक्षी. मी नवी होते, शाळेची नोकरी नुकती लागलेली, मला रडू आलं. सासरे रडले नाहीत. ते गुडघाभर पाण्यात उतरले, एक रोप उपटून आणलं, मूळ पाण्यात हिसळलं आणि माझ्या हातात दिलं. मूळ सरळ होतं, टकलं, अगदी आज पेटीत पाहिलं तसं. "मेला," मी म्हणाले. सासरे म्हणाले, "मेला नाय. गप बसलाय." अकरा दिवस तो गप बसला होता. मग बांध बांधून झाला, वरून पाऊस लागला, पाणी गोडं झालं, आणि सासऱ्यांनी मला पुन्हा शेतावर नेलं, शाळेत जायच्या आधी, साडी खोचून. दुसरं रोप उपटलं. त्या सरळ मुळावर चहूबाजूंनी पांढरेशुभ्र फाटे फुटलेले, इतके की चिखल सुटेना. "बग," ते म्हणाले, "सुटला." त्यांनी 'सुटला' म्हटलं. आणि आज कल्पिताने 'जनुकं सुटतात' म्हटलं तेव्हा मी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला नाही, कारण तो भरून आला होता. तसं भात आता नाही. त्याने जे केलं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि शुक्रवारी माझंच नाव लावून जगाला सांगितलं जाणार होतं की ते त्याने केलंच नाही.

परत येताना कल्पिताने गाडी मागवली. शिळफाट्यावरून वळलो तेव्हा तिने मोबाईल पुढे केला. "आपलं शेत नेमकं कुठे होतं गं? पेपरात जागा द्यावी लागते. बाबांना विचारलं तर म्हणे त्या टॉवरच्या मागे. कुठला टॉवर? दिव्यात शंभर आहेत." नकाशात वरून घेतलेला फोटो होता. छपरं, छपरांवर काळ्या टाक्या, मध्ये फटी. मी खाडी शोधली, खाडीवरून रेल्वेचा पूल, तिथून आत. मी बोट ठेवलं तसा नकाशा सरकला. पुन्हा ठेवलं, पुन्हा सरकला. "जोरात नको दाबू," ती म्हणाली, आणि माझं बोट आपल्या हातात धरून तिने हलकेच एका छपरावर टेकवलं. "इथे?" मी "हो" म्हटलं. ते खरं होतं. जागा खरी होती. बाहेर रस्त्याला पाण्याचे टँकर दिव्याकडे वळत होते, एकामागे एक, गळत. ज्या जमिनीवर पाणी नको म्हणून आम्ही रात्रंदिवस बांध राखले, तिथे आता पाणी विकत जातं. पण हे मी पुष्कळदा म्हणून झालंय आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही, मला पण आता फारसं वाटत नाही.

शेत गेलं त्या वर्षी कल्पिता पाच वर्षांची होती. विकू नये असं कुणी म्हणालं नाही. आजूबाजूची खाचरं आधीच भरावाखाली गेली होती, खाडीचं पाणी कुठूनही शिरत होतं, माझ्या मुलाला, नयनला, घर घ्यायचं होतं. माझे यजमान, काळुराम, सही करून आले, हात धुतले आणि जेवले. त्यांनी फक्त एक केलं. माळ्यावरून बियाण्याची मुडी काढली, पेंढ्याने वळलेली, घट्ट, मोठ्या नारळांच्या घोसाएवढी, आणि ठाकुर्लीच्या नव्या घरात पाळण्याच्या कडीला टांगली. पाळणा नव्हता, कडी होती. मग ते जमीन शोधू लागले. खंडाने, वाट्याने, कशीही. टिटवाळ्याकडे गेले, मोहन्याकडे गेले, खाडीच्या अल्याड पल्याड गेले. ज्या दिवशी जायचे नाहीत त्या दिवशी दिव्याला जाऊन भरावाच्या ढिगावर बसायचे, डंपरवाले त्यांना काका म्हणून उठवायचे. नव्या घरात ते कधी पाठ टेकून बसले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसायचे, जसं कुणाच्या घरी गेलेला माणूस बसतो, आणि वर कडीकडे बघायचे. "पेरा चुकला तर बी मरतो," म्हणायचे. "यंदा नाय तर पुढल्या साली पेरलाच पायजे." मी दोन पावसाळे ते पाहिलं. मला वाटलं, ही मुडी घरात आहे तोवर हा माणूस घरात येणार नाही.

ते मोहन्याला गेले असताना मी मुडी सोडली. एकटीने. पेंढा जुना झाला होता, हाताला चुरत होता, आत भात कोरडं, लालसर, लांब कुसांचं. दाण्यांच्या टोकाच्या त्या कुसांनी बोटं टोचली. मी ते गिरणीत नेलं, भरडून घेतलं, मग दळून घेतलं. गिरणीवाला केदार म्हणाला, "बाई, गावचा माल वाटतं? रंग बघा काय सुंदर आलाय." मी हो म्हटलं. संध्याकाळी भाकऱ्या केल्या, सुकटीची चटणी केली. बियाणं दळून खाणाऱ्या बाईबद्दल आमच्या लोकांत काय बोलतात ते मला माहीत होतं. मी त्याच लोकांतली. सगळ्यांना वाढलं. काळुराम म्हणाले, "आज भाकर गोड लागते." मग वर पाहिलं. कडी रिकामी होती. मी आधीच जुळवून ठेवलेलं वाक्य बोलले: "बी दिला मी. मोहन्याच्या तुळसाला दिला. तिच्याकडं जमीन हाय, ती पेरील. दर दसऱ्याला आपल्याला नवं देईल." त्यांनी मला काही विचारलं नाही. हात धुऊन आले आणि खुर्चीत बसले, पाठ टेकून. त्या क्षणी मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की आपण काय केलं हे मला चांगलं आठ दिवसांनी कळलं.

तुळसा खरी होती. कल्याणच्या बाजाराबाहेर रानभाज्या घेऊन बसायची, नदीकाठच्या वरच्या, गोड्या जमिनीवर तिचं थोडं भात असायचं. मी तिला म्हणाले, मला लाल दाण्याच्या लोंब्या पाहिजेत, पांढऱ्या नकोत. ती म्हणायची, "बाय, तुला लालच कशाला गो? देव काय दाणा सोलून बघतो?" देव नाही बघत. काळुराम बघायचे. दर दसऱ्याला मी नवं बांधायच्या आधी एक लोंबी त्यांच्या हातात द्यायची, ते नखाने एक दाणा सोलायचे, लाल निघाला की मान हलवायचे. "आपला हाय ना गो?" "आपलाच." असं बारा वर्षं. शेवटच्या दसऱ्याला त्यांना दिसत नव्हतं फारसं. त्यांनी लोंबी हातात घेतली, सोलली नाही, नुसता अंगठा फिरवला, टोकापासून देठापर्यंत आणि परत. तुळसाच्या भाताला कुसं नसतात. मला हे इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं, रंगच सांभाळत बसले होते. ते म्हणाले, "यंदा टोचत नाय." मी म्हटलं, "तुमचा अंगठा निबर झालाय." "आसंल," ते म्हणाले, आणि लोंबी माझ्या हातात परत दिली, अगदी जपून. ते थंडीत गेले. त्यांना कळलं होतं का, हे मी रोज नाही, पण बऱ्याचदा स्वतःला विचारते. कळलं असेल तर ते माझ्यासाठी गप्प बसले. नसेल तर मी त्यांना फसवून पाठवलं. दोन्हींतलं कुठलं बरं, हे मला ठरवता आलेलं नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. मी सांगणार होते. सकाळी चहा ओतताना सांगणार होते, ती ओला टॉवेल डोक्याला गुंडाळून आली आणि "आजी, बिस्किट संपली का?" म्हणाली, आणि मी डबा शोधत बसले. खरं म्हणजे प्रत्येक वेळी वाक्य तयार असायचं, घशाच्या आतल्या बाजूला, आणि त्यावर काही तरी येऊन बसायचं. तिची दोन वर्षं. नयनला काय वाटेल. गेलेल्या माणसाची लाज. मग मला ते एका अक्षराने बिघडलेलं झाड आठवायचं, सरळ खाली जाणारं. मी म्हटलेलं ते "ने" पण एकच अक्षर. मला तुलना करायची खोड आहे, शाळेतली. कल्पिता म्हणते, आजी, झाडाला माणूस करू नकोस. करत नाही. पण दुपारी पडल्या पडल्या मी माझी वर्षं मोजली, आणि त्यांत कुठे फाटा दिसेना. मैत्रिणी कमी होत गेल्या. मोहन्याकडे कुणाला कधी येऊ दिलं नाही. कल्पिताने तीनदा म्हटलं होतं, मला तुळसामावशीकडे ने, शेत बघू दे. एकदा मी गुडघ्याचं सांगितलं, एकदा पावसाचं, एकदा तुळसा वारली असं सांगितलं. ती जिवंत होती. या दसऱ्याला पण मी तिच्याकडून लोंब्या घेणार होते.

बुधवारी कल्पिता घरून काम करत होती. अकराच्या सुमाराला तिने बैठकीतल्या भिंतीवर चित्रं पाडायची सोय केली, मला आणि नयनला सोफ्यावर बसवलं. "मी बोलते, तुम्ही ऐका. कळलं नाही तर हात वर करा. झोपायचं नाही, बाबा."

"मी कधी झोपलोय?" नयन म्हणाला. "आये, सांग हिला."

"लग्नात झोपलास तू," मी म्हटलं. "स्वतःच्या."

तिघंही हसलो. मग ती बोलू लागली. चांगलं बोलत होती, सावकाश, सोपं करून. मुळाचं चित्र आलं, प्रथिनाचं आलं, मिठाचं. मग भिंतीवर काळुराम आले. आमच्या दारात उभे, हातात लोंबी, अंगठा तिच्यावर. त्या शेवटच्या दसऱ्याचाच फोटो, कल्पितानेच काढलेला, कॉलेजात असताना. "या बियाण्याची शुद्धता," ती म्हणाली, "घरात पिढ्यान् पिढ्या राखली गेली. माझे आजोबा दर वर्षी स्वतः हाताने तपासायचे."

भिंतीवर तो अंगठा माझ्या डोक्याएवढा होता.

"कल्पिता, थांब," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात यायचा तसा आला. "ते भात आपलं नाही."

"म्हणजे?"

"तुळसाचं आहे. मोहन्याचं, वरच्या जमिनीचं. मी दर साल विकत आणते. आपलं बी तिला कधी दिलंच नव्हतं. तुळसा जिवंत आहे."

नयन म्हणाला, "आये, काय बोलतेस? बाबांना माहीत होतं?"

"मला नाही सांगता येत."

कल्पिताने भिंतीवरचं चित्र बंद केलं. मग नुसती भिंत राहिली, तिच्यावर कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीच्या कडेवर बसली, आजोबांसारखी. "दोन वर्षं, आजी," ती म्हणाली. "सोमवारी तू तिथे उभी होतीस. चष्मा पुसून नाव वाचलंस. तेव्हा पण नाही बोललीस."

"नाही बोलले."

"आणि मी विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण तपासलं नाही. पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला, बी कुठून आलं ते स्वतः जाऊन बघायचं. दुसऱ्या कुणाचं असतं तर गेले असते मी. आजीचं म्हणून..." तिने डोळे मिटले. "मॅडमना काय सांगू? माझी आजी खोटं बोलली?"

"तसंच सांग," मी म्हटलं. "तेच झालंय."

ती गॅलरीत जाऊन फोनवर बोलली, दार लावून. काचेतून फक्त तिची पाठ दिसत होती. पाऊण तास. नयनने मला पाणी आणून दिलं आणि माझ्याशेजारी बसला. ग्लास मी पिईपर्यंत हातात धरून राहिला, लहान मुलाला पाजतात तसा. कल्पिता आत आली ती माझ्याशी न बोलता आपल्या खोलीत गेली. जेवायला आली नाही. संध्याकाळी बाहेर गेली, आली, झोपली. गुरुवारीही तसंच. मी स्वतःला समजावलं की सांगून झालंय, आता हे सोसायचंच आहे. पण सगळं सांगून झालं नव्हतं, हेही मला माहीत होतं. आपल्या बियाण्याचं काय झालं ते तिने अजून विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सेमिनारच्या वेळेला ती घरीच होती. सेमिनार पुढे ढकलला होता. दुपारी ती एक लांब, हिरव्या पाठीची वही घेऊन जेवणाच्या टेबलापाशी आली, माझ्यासमोर बसली आणि पेनाचं टोपण काढलं. डोळे सुजलेले होते. "डेटा वाया नाही गेला," ती कोरडेपणाने म्हणाली. "तो मोहन्याच्या भाताचा डेटा आहे, तसाच लिहायचा. खाराबद्दल जे म्हटलंय ते सगळं काढायचं. एक वर्ष जास्त लागेल. नाव सांग पूर्ण, तुळसाचं."

मी सांगितलं. गाव, नदीचा काठ, कधीपासून घेते, सगळं. तिने वहीत सॅम्पलचं नाव बदललं. तुळसा-१. उद्या आपण दोघी तिच्याकडे जायचं, असं ती म्हणाली, विचारलं नाही.

मग तिने पान उलटलं आणि वर लिहिलं: आवडा-१.

"ते खोड," मी म्हटलं.

"नको. जागा असू दे." तिने रकाने आखले. "तुझं खरं भात सांग. दिसायला कसं, कुसं किती, मिठात काय करायचं. तू शिक्षिका होतीस, नीट सांग. पुरावा नाहीये, पेपरात नाही जाणार, पण वहीत राहील. पाहणाऱ्याचं नाव म्हणून तुझं."

मी तिला फुटलेला बांध सांगितला. टकलं मूळ सांगितलं, अकरा दिवस सांगितले, चिखल सुटत नव्हता ते सांगितलं. "गप बसलाय" हे सासऱ्यांचे शब्द तिने तसेच्या तसे लिहिले आणि पेन थांबवून विचारलं, "थांबून परत फुटले? नक्की? मेलेले नव्हते?" तिच्या चेहऱ्यावर सोमवारचा उजेड क्षणभर येऊन गेला. "आजी, हेच शोधतात गं सगळे. हेच." मग तो उजेड गेला. शेवटचा रकाना राहिला होता. "बी कधी संपलं? साल सांग. कीड लागली का?"

खिडकीतून खाली रेल्वेच्या कुंपणाशी कुणी तरी चादरी झटकत होतं, त्याचा आवाज येत होता, एक, दोन, एक, दोन.

"संपलं नाही," मी म्हटलं. "चांगलं होतं. मी दळलं. तुझे आजोबा घरात नव्हते तेव्हा मुडी सोडली आणि गिरणीत नेली. भाकऱ्या केल्या. त्यांना पण वाढल्या. त्यांना सांगितलं नाही."

मला वाटलं आता ती उठेल. ती उठली नाही. वहीवर वाकली, त्या रकान्यात काही लिहायला लागली आणि थांबली. तिने अगदी हळू विचारलं, "कशी लागली गं ती भाकर?"

"मला नाही माहीत. मी खाल्ली नाही त्या दिवशी." मी म्हटलं, "तू खाल्लीस. सात वर्षांची होतीस. दोन खाल्ल्यास आणि तिसरी मागितलीस."

कल्पिताने पेन खाली ठेवलं. ओठ मिटून ती तशीच बसून राहिली, जिभेने तोंडात काही तरी शोधत असल्यासारखी.